पूल ठीक निघाला

बाबा,

मी एक पूल बंद केला होता. तिवस्याच्या पुढे आत वळलं की एक नदी लागते, तिच्यावरचा. तो आता उघडला. पूल ठीक निघाला. म्हणजे तो पहिल्यापासूनच ठीक होता, आणि ठीक असावा हे मला पुष्कळ आधी कळलं होतं, तरी मी कापसाचा सगळा हंगाम तो बंद ठेवला. फोनवर बोलण्यासारखं असतं तर आईला सांगितलं असतं. ती अकोल्याला धाकट्याकडे असते, कान अजून तिखट आहेत आणि जीभही. पण तिला सांगितलं की ते साऱ्या नातेवाइकांत जाणार, आणि आपल्या घराण्यातली पूल बंद करणारी दुसरी पिढी म्हणून माझी वरात निघणार. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली. तुम्ही कुणाला सांगणार नाही. आज रविवार आहे, अमरावतीत ऊन आतापासूनच भाजायला लागलंय, खिडकीला ओला पडदा लावून बसले आहे आणि सकाळपासून नुसती कागदाकडे बघते आहे.

तुमच्या पुलाची गोष्ट आपल्याकडे लग्नाकार्यात अजून निघते. मी बाळापूरच्या शाळेत होते, तुम्ही तिकडच्या रस्त्यांचे आणि पुलांचे ओव्हरसियर. लोक ‘ओवरशेर साहेब’ म्हणायचे. त्या वर्षी पाऊस आधीच येऊन बसला आणि लग्नाच्या तिथी मात्र शिल्लक होत्या. पूर पुलावरून गेला, ओसरला, पण एका खांबापाशी पाणी भोवरा धरून फिरत राहिलं. खांबाच्या पायाखालची माती वाहून गेली असावी अशी तुम्हाला शंका आली. तुम्ही कुणाच्या हुकमाची वाट बघितली नाही. क्वार्टरमधली लाकडी खुर्ची उचलली आणि पुलाच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध नेऊन ठेवली. आणि नेमकी त्याच दिवशी अकोल्याहून मामाची वरात आली. आईचा सख्खा भाऊ नवरदेव, बस माणसांनी गच्च भरलेली, टपावर आहेराच्या पेट्या.

“गाडी इथंच राहीन,” तुम्ही म्हणालात. “मानसं पायी जाऊ द्या. पांगून चाला.”

“अवो जवाई, नवरदेव हाय गाडीत!” बसमधून कुणीतरी ओरडलं.

“नवरदेव हाय म्हनूनच पायी म्हनतो.”

मामा मुंडावळ्या सावरत, नव्या बुटांनी चिखल तुडवत पूल ओलांडतोय, हे मला अजून दिसतं. बँडवाल्यांना तुम्ही पुलावर वाजवूही दिलं नाही, ते आपली वाद्यं काखोटीला मारून मुकाट चालत होते. आई हातात ओवाळणीचं ताट घेऊन तुमच्या खुर्चीसमोरून गेली आणि तुमच्याकडे ढुंकून बघितलं नाही. पुढे पाणी उतरलं, पाया तपासला, तर माती जागच्या जागी होती. खांबाला काही म्हणता काही झालं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक पंगतीत कुणीतरी वाढता वाढता विचारणारच, “काय जवाई, पूल पडला काय?” की सगळी पंगत हसायची. मीही हसायचे. एकदा तर जिलबीचा घास तोंडात असताना हसले आणि ठसका लागला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. हात धुवायच्या जागी मला गाठून म्हणालात, “हासाले मना नाई. सारे घरी पोचले ना? मंग हासू दे त्यायले. पन तुले सांगतो, सोता पाह्यल्याबिगर हासू नोको.” आवाज चढवला नव्हता. म्हणून जास्त लागलं. त्यानंतर मी हसले नाही, पण तुमच्या बाजूनं बोललेही नाही कधी. खाली मान घालून जेवत राहायचे.

मी तुमच्याच खात्यात आले हे तुम्हाला माहीतच आहे. अमरावतीच्या कॉलेजातून पास झाले तेव्हा आईनं कानातले घ्या म्हटलं होतं, आणि तुम्ही तुमची तपासणीची हातोडी धुऊनपुसून, दांड्याला तेल लावून माझ्या हातात दिलीत. आईनं कपाळावर हात मारून घेतला. ती हातोडी मी कुठेही नेते आणि नेते तेव्हा चारचौघांना दिसेल अशी नेते, हे पण सांगायला हवं. पावसाळा संपला की पुलांची पाहणी करायची असते, आणि पुष्कळांची ती गाडीच्या काचेतून होते. मी खाली उतरते. गुडघे कुरकुरतात, साडी सोडून पँट घालून जाते, चिखलातून खांबापर्यंत पोचते, वाकते, ठोकते, ऐकते. आणि वर आले की ज्यांना नाही उतरता येत त्यांना दोन शब्द ऐकवते. माझा स्वभाव तुमच्यावर गेला असं सगळे म्हणतात. मला वाटतं, तुमच्यात जे थोडंसं होतं ते माझ्यात पोत्यानं आलं.

दसऱ्यानंतर त्या पुलाखाली उतरले, तेव्हा सोबत आमचा कनिष्ठ अभियंता होता. मूळचा बाळापूरचाच, घरी उर्दू, ऑफिसात मराठी, आणि वैताग आला की हिंदी. तोंडात सदा सुपारी, आणि सगळा जीव यंत्रांत. काँक्रीटच्या पोटातलं सांगणारी यंत्रं आता आली आहेत, बाबा. नळी टेकवायची, आकडा वाचायचा. मी मात्र तुमची हातोडी काढली. रस्ता ज्याच्यावर पेललेला असतो त्या लांब आडव्या गर्डरवर ठोकत गेले, आणि मधोमध आवाज बदलला. ठणठण होता तो भदभद झाला. तिथेच खालून एक चीर गेलेली, आणि चिरेतून गंजाचा तांबडा ओघळ. पोकळ आवाज, चीर, गंज, आणि तेही ऐन मध्यावर. तुम्ही असतात तर तुम्हीही आधी रस्ताच अडवला असता. मी वर येऊन सांगितलं, पूल बंद. पायी माणसं आणि दुचाकी सोडून काही जाणार नाही. संध्याकाळच्या आत वाळूनं भरलेले ड्रम दोन्ही तोंडांना लागले. तो म्हणाला, “मॅडम, यंत्र लावून पाहू का एकदा?” मी म्हटलं, “मला कान आहेत.” इथपर्यंतची मला लाज नाही. शंका आली, बंद केला. आजही तेच करीन.

लाज पुढच्याची आहे. दिवाळीच्या आधी तो पोरगा माणसं घेऊन आपणहून तिकडे गेला, परांची बांधली आणि त्या चिरेच्या आजूबाजूचं छिलून काढलं. परत येऊन माझ्या टेबलापाशी उभा राहिला. चेहरा खुलला होता. “मॅडम, ये तो सिर्फ प्लास्टर है. मागं कुण्या मोठ्या पाहुण्याच्या दौऱ्यासाठी पुलाले गिलावा मारून चुना फासला होता म्हणतात. तो गिलावा सुटला. चीर गिलाव्यालेच हाय, आणि त्याच्यात अडकलेल्या तारेचा गंज. अंदर का काँक्रीट एकदम टनाटन.”

आणि मला आपलं बाळापूरचं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही मला ठोकायला शिकवत होतात, रविवारची सकाळ, आई वरणाला फोडणी घालतेय. चुलीमागच्या भिंतीवर तुम्ही हातोडी मारलीत आणि मला कान लावायला सांगितलंत. भदभद. “भिंत पोकळ आहे,” मी म्हणाले. “भिंत नाई वं. गिलावा सुटला हाय. आधी गिलावा काढाचा, मंग भिंतीले इचाराचं,” असं म्हणून तुम्ही जरा जोरात मारलीत, आणि ताटाएवढा गिलाव्याचा पापुद्रा सुटून थेट वरणाच्या पातेल्यात पडला. आईनं पळी घेऊन तुम्हाला अंगणापर्यंत हाकललं. तुम्ही अंगणातून ओरडत होतात, “पाह्य ना पन मांगची वीट, कशी ठणठणीत हाय!” ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आले, वरणासाठी. लोक हसतात. ती मला कशासाठी दाखवली होती, ते पुलाखाली माझ्या ध्यानातही आलं नाही.

तेव्हाच जाऊन बघायला हवं होतं. त्याऐवजी मी त्याला म्हटलं, एका ठिकाणी ठीक म्हणजे सगळीकडे ठीक होत नाही. वाक्य बरोबर होतं, म्हणून तर त्याच्याआड लपता आलं. मग म्हटलं, पूर्ण गर्डर छिलायला लागेल. त्याची मंजुरी मीच द्यायची होती, ती दिली नाही. मग म्हटलं, नदीचं पाणी आणखी उतरू दे. मग म्हटलं, यंत्र येऊ दे, ज्या यंत्राला मी हसले होते ते. तो रोज विचारायचा, मग दिवसाआड, मग विचारणं बंद झालं. सुपारी चघळत आपल्या कागदात डोकं घालून बसायचा. मला ते बरं वाटायचं, हे किती वाईट आहे.

का केलं असं विचाराल. गिलाव्याचं कळायच्या थोडे दिवस अगोदर त्या गावातले लोक ऑफिसात आले होते. व्यापाऱ्याचे ट्रक पुलावरून येत नाहीत म्हणून कापूस घरात पडून होता. धामणगावच्या बाजारात न्यायचा तर पार वळसा घालावा लागत होता. किराण्याची पोती पुलाच्या तोंडाशी उतरवून अर्धी अर्धी करून दुचाकीवर न्यायची. एसटी ड्रमपाशी येऊन तोंड फिरवायची, हायस्कूलच्या पोरी तिथून पायी. ते सगळं त्यांनी नीट सांगितलं आणि मीही नीट ऐकलं. पण दाराबाहेर पडता पडता एकजण दुसऱ्याला म्हणाला, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं, “बाईमानूस भेते ना, म्हनून बंद केला. मानूस असता तं दोन डाव पाहून खोलला असता.” त्या क्षणापासून तो पूल नदीवरचा राहिला नाही. माझ्यात आणि त्यांच्यात तो आडवा पडला. आणि मी स्वतःला काय समजावलं माहीत आहे? की मी तुमच्यासारखी वागते आहे. बाबांनाही हसलेच होते लोक. बाबा खुर्चीवरून उठले नाहीत. मीही उठणार नाही. तुमचं नाव मी अशा कामाला लावलं, बाबा.

एक दिवस कळलं की रात्रीतून कुणीतरी ड्रम सरकवलेत, म्हणून दुपारी जीप घेऊन गेले. कनिष्ठ मागे बसला होता. जीप ड्रमपाशी लावली आणि बघते तर पुलावरून बायका येत होत्या. मधली पोटुशी, दिवस भरत आलेले, तिला एका बाजूनं सासूनं धरलेलं, दुसऱ्या बाजूला शेजारीण. चार पावलं चालायच्या, कठड्याला टेकायच्या. पूल तसा लांब आहे आणि त्याच्यावर सावली कुठून असणार. अलीकडे एक गाडी त्यांच्यासाठी थांबलेली होती, तिचा ड्रायव्हर ड्रमवर बसून बिडी ओढत होता. सुनेला गाडीत बसवून म्हातारी माझ्या जीपच्या खिडकीशी आली. घामानं निथळत होती. बराच वेळ तिनं मला न्याहाळलं.

“तुमीच काय त्या, पूल बंद करनाऱ्या?”

मी मान हलवली.

“मंग एक सांगा. इचं वजन चालते ना पुलाले? का हेबी उतरवून आनाव अर्ध अर्ध?”

मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. मला राग आला. मी काच वर केली आणि ड्रायव्हरला म्हटलं, चल. ड्रम कुणी सरकवले ते बघायचं राहूनच गेलं. मागच्या सीटवर सुपारी चघळण्याचा आवाजही येत नव्हता. त्या सुनेचं काय झालं हे मी विचारलंही नाही, आणि विचारलं नाही कारण काही वाईट झालं असतं तर ते मला कळलं असतं. कळू नये म्हणून काच वर करणारी बाई तुमची मुलगी आहे.

संक्रांतीला आईचा फोन आला. तिला कुठून कळलं देव जाणे, पण तिळगुळाचं एक वाक्य झालं की लगेच, “काय वं, पडला काय तुहा पूल?” ज्या थट्टेवर मी लहानपणी खाली मान घालायचे ती इतकी वर्षं जपून ठेवल्यासारखी तिनं माझ्या हातात ठेवली. मी चिडले. म्हटलं, बाबापण बसलेच होते ना खुर्चीवर, लोक हसले म्हणून ते उठले का?

“कोन बसलं होतं खुर्चीवर?” आई म्हणाली. “ते? बूड टेकत होतं काय त्यायचं? खुर्ची नुसती ठेवून देल्ली होती, गाड्या अडाव्या म्हनून. ते तं दिवसभर त्या खांबापाशी. लांबच्या लांब बांबू घेऊन पान्यात उतराचे, पाया टोचून पाहाचे, पुना वर, पुना खाली. एक डाव वाहून जाता जाता वाचले. अकोल्याले जाऊन साहेबाच्या दारात बसले होते, मानूस द्या, मानूस द्या, म्हनून. पूल खोलाची घाई जेवढी त्यायले होती ना, तेवढी तं गाववाल्यायलेबी नव्हती. मी भावापाई बोलत नव्हती त्यायच्याशी, पन त्या चिखलाच्या पँटा मीच धुवत होती. तू पाह्यलं कुठी? तू तं वरातीत नाचत होती.”

मी खरंच बघितलं नव्हतं. मी पंगतीतल्या थट्टेवरून तुम्हाला ओळखत होते. हसणाऱ्यांनी तुम्हाला खुर्चीत बसवलं आणि मीही तिथेच बसवून ठेवलं, फक्त मला त्याचा अभिमान वाटायचा एवढाच फरक. मी तुमची खुर्ची उचलली आणि बांबू तिथेच टाकला. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली. घासलेलीच होती ती.

दुसऱ्या दिवशी मी कनिष्ठाला बोलावून म्हटलं, सगळा गिलावा काढ आणि वजनाची चाचणी लाव. त्यानं ‘आता का’ असं विचारलं नाही. तोंडातली सुपारी खिडकीबाहेर थुंकून आला आणि कामाला लागला. गर्डर उघडा झाला, यंत्र लागलं, मी पुन्हा तुमच्या हातोडीनं ठोकलं. सगळीकडे ठणठण. तरी वजन दिल्याशिवाय उघडायचा नाही हे मीच म्हटलं, आणि तेवढं तरी बरोबर म्हटलं. गर्डरखाली घड्याळासारखा गेज लावला. पूल वजनानं किती वाकतो ते त्याचा काटा सांगतो, आणि वजन काढल्यावर तो परत जागेवर आला तर पूल ठीक. थोडं वाकणं वाईट नसतं, परत न येणं वाईट. गिट्टीनं भरलेले ट्रक एकेक करून पुलावर घेतले. मी खाली उभी राहिले. तिथे उभं राहायची गरज नव्हती, काटा लांबूनही वाचता येतो, आणि कनिष्ठ ओरडत होता, “मॅडम, बाहर आइये, ये ठीक नहीं.” मी हलले नाही. माझ्या डोक्यावर ट्रक चढत होते, काटा सरकत होता. ट्रक रात्रभर पुलावर उभे ठेवले, दुसऱ्या दिवशी उतरवले तेव्हा मी परत त्याच जागी. शेवटचा ट्रक उतरला, काटा मागे यायला लागला आणि जवळजवळ जिथून निघाला होता तिथे येऊन थांबला. वर लोकांनी टाळ्या वाजवल्या. कनिष्ठानं माझा हात धरून हलवला, मग एकदम सोडला आणि लाजला.

ड्रम काढल्यावर पहिली एसटी गेली, त्याच दिवशी मी गावात गेले. कुणी बोलावलं नव्हतं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसले, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लोक जमले. ती म्हातारीही आली, कडेला बसली. मी सांगितलं की पूल ठीक आहे, चांगला दणकट आहे, आणि तो तसाच होता.

“होता म्हंजे?” म्हातारीनंच विचारलं. “मंग आमी काहून पायी चाललो?”

“माझं चुकलं. पोकळ वाजला म्हणून बंद केला, ते ठीक. पण नुसता गिलावा सुटलाय असं दिवाळीलाच मला सांगितलं होतं. मी जाऊन बघितलं नाही. बघितलं असतं तर तेव्हाच उघडला असता.”

मग एकदम सगळे बोलायला लागले. एकजण उभा राहून म्हणाला की वर तक्रार करतो. मी म्हटलं, करा, मी हेच तिथेही सांगीन. ऑफिसात ‘बाईमानूस’ म्हणालेला माणूसही मागे होता, आणि मला त्याच्याकडे बघवलं नाही. मी म्हातारीला सुनेचं विचारलं. “नातू झाला. बरी हाय ते, माहेरी हाय,” ती म्हणाली, आणि थोडं थांबून, “त्या दिवशी तुमी गाडीतून उतरल्याबी नाई. दोन पावलं संग चालल्या असत्या तं काय झालं असतं?” मी म्हटलं, काही नसतं झालं. त्यावर तिनं मान वळवून घेतली. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी माफी मागितलीही नाही. मागायला तोंड नव्हतं.

मग चहा आला. येतोच, शिव्या दिल्या तरी चहा पाजल्याशिवाय आपल्याकडे कुणाला जाऊ देत नाहीत. आणि चहा पिताना तो तक्रार करणारा म्हणाला, “पन एक मानलं मॅडम तुमाले. ट्रक चढवले तवा खाली उभ्या रायल्या. आमी वरून पाह्यत होतो. मले म्हनसान तं मी नसतो रायलो. भेव नाई वाटलं?”

“नाही,” मी म्हटलं.

“आपल्या जिवाची परवा नाई केली,” म्हातारी म्हणाली. “ते खरं हाय. ते म्या पाह्यलं.” त्या दुपारी माझ्याबद्दल तिच्या तोंडून निघालेला तेवढाच एक बरा शब्द, आणि मी तो घेतला. मान खाली घालून, कप हातात धरून, घेतला. ‘नाही’ म्हटलं ते खोटं नव्हतं. भीती खरंच वाटली नव्हती. पण का वाटली नव्हती ते मी त्यांना सांगितलं नाही, कनिष्ठाला नाही, आईला तर नाहीच. परत येताना त्या पुलावरून जीप गेली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते.

मी खाली उभी होते ते धैर्यानं नव्हतं, बाबा. मी वाट बघत होते. एक जरी चीर खऱ्या काँक्रीटला गेली असती, काटा मध्येच अडकला असता, तर मी बरोबर ठरले असते. ती सगळी पायपीट, ती कठडा धरून चालणारी पोर, दिवाळीपासूनची माझी सगळी खोटी कारणं, सगळं एका चिरेनं धुऊन निघालं असतं. मी वर बघत होते आणि मनात म्हणत होते, जाऊ दे तडा. गावाला मग पूल मिळाला नसता, कित्येक वर्षं मिळाला नसता, हे मला तिथे उभं असताना ठाऊक होतं. तरी म्हणत होते. तुमच्या खांबाचा पाया शाबूत निघाला तेव्हा तुमच्या मनात असं कधी आलं का, हे विचारायला मी सकाळपासून बसले आहे, आणि उत्तर येणार नाही म्हणूनच विचारायला धजावते आहे. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, पडदा वाळला की फाडून टाकीन. ट्रक उतरले, काटा मागे आला. पूल जागेवर परत आला, बाबा, आणि मला वाईट वाटलं.